आधी अर्थिंग, मग एसएसडी

पावसाने जरा उघडीप दिली की बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या पारावर पाच-सहा डोकी जमतातच. यावेळचा विषय होता वहिनींचा पीसी. वहिनींचं होमस्टे मालवणच्या किनाऱ्यावर, दांडीला, दार उघडलं की समोर समुद्र. मशीन साधारण २०१६ सालचं: आय३-६१०० प्रोसेसर, एच११० चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. तक्रारी तीन. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. कधी कधी पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. आणि लाईट जाऊन आली की तारीख मागे गेलेली असते.

बारक्या कॉम्प्युटर सायन्सला आहे. त्याने निकालच दिला. "टाकून द्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा. हा सहाव्या पिढीचा. यात पैसे घालू नका."

"तुमचं काम काय आहे यावर?" दुकानवाल्याने वहिनींना विचारलं. बाजारात त्याचं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

"बुकिंग बघणं, मेल, हिशोबाची शीट, पावती छापणं."

"मग प्रोसेसर पुरेसा आहे. पाच मिनिटं लागतात ती हार्ड डिस्कमुळे. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात, आणि दर तुकड्याला आतली दांडी हलते. तेव्हा तोच वेग एक-दोन एमबीवर येतो. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काही नाही. ५०० जीबीची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलने जोडायची, एसएसडी टाका, ८ जीबी रॅम वाढवा, विषय संपला."

अण्णा इतका वेळ गप्प होते. आयुष्य वायरिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "वहिनीनू, कॅबिनेटाक हात लावल्यावर मुंग्यो येतत काय?"

"येतात. पायात चप्पल नसली की जास्तच."

"मगे आधी अर्थिंग बघूक व्हया. पार्ट मागसून घेवा."

बारक्याला हे पटेना. अर्थिंगचा आणि हळू चालण्याचा संबंध काय? खरंच, हळू चालण्याशी काही नाही. पण नवे पार्ट जळण्याशी आहे, आणि ते कसं हे मास्तरांनी सांगितलं. मास्तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात 'का' आधी येतं.

"एसएमपीएस म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, त्याच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटला, दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटला. लाईनमधला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर दोघांच्या मधोमध कॅबिनेट लटकतं, २३० च्या निम्म्यावर. मीटर लावला तर ११० च्या आसपास दिसेल. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही. पण त्याच अवस्थेत तुम्ही टीव्हीची एचडीएमआय किंवा प्रिंटरची यूएसबी खुपसता, तेव्हा तो फरक त्या पिनांतून धावतो. पोर्ट जातात ते असे. लोक म्हणतात, माल खराब होता."

मोजायचं कसं, यावर अण्णांचं म्हणणं नेमकं होतं. तीन मोजमापं. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तितकंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. बारक्या म्हणाला, एवढं तर घरचा डिजिटल मीटरही सांगेल. अण्णा म्हणाले, "तोच फसवता." मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या, नावापुरत्या जोडणीतूनही तो २३० दाखवतो. म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघतो. बल्ब पूर्ण उजेडाने लागला तर जोडणी निदान करंट वाहून नेते आहे. मिणमिणला तर अर्थिंग नुसतं भिंतीत आहे, जमिनीत नाही. घरात आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत ती पडते, पडायलाच हवी. आणि हे काम घरच्या माणसाने करायचं नाही, वायरमनकडूनच करून घ्यायचं.

आपल्याकडे अर्थिंग का बिघडतं याचं कारण पायाखालीच आहे. जांभा पाणी धरत नाही. जुलैत ओला असलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा होतो, आणि कोरडी जमीन करंट नीट घेत नाही. जुन्या पद्धतीने मीठ-कोळसा भरलेला असेल तर मीठ चार पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाताना जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) पाइप खातं. आता बेंटोनाइट नावाची माती भरतात, ती ओल धरून ठेवते. वहिनींनी एवढंच करायचं: वायरमनकडून पाइपच्या डोक्यावरचा बोल्ट उघडून बघून घ्यायचा, हिरवा-पांढरा थर असेल तर तो घासून घट्ट करून घ्यायचा, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं.

"स्पाइक गार्ड आहे माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या.

त्याच्या आतली एमओव्ही नावाची चकती जादा व्होल्टेज वळवते, आणि त्यातलं बरंचसं अर्थमध्येच. अर्थ नसेल तर ती अर्धीच उपयोगाची. शिवाय प्रत्येक झटक्याने ती थोडी थोडी झिजते, लाल दिवा मात्र तसाच जळत राहतो. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांना तर उपाय एकच: प्लग उपटणं. इथे बारक्याने एक चांगला मुद्दा काढला. नुसता पीसीचा प्लग काढून भागत नाही, राउटरचा अडॅप्टर आणि लॅनची वायरसुद्धा काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या काही फायबर केबलींना आधारासाठी स्टीलची तार असते. डिशच्या केबलचंही तेच.

मग काळ्या स्क्रीनकडे वळलो. पंखा फिरतो आणि चित्र नाही, यात किनाऱ्यावर पहिला संशय रॅमवर. रॅम मेलेली नसते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर खाऱ्या हवेचा थर बसलेला असतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे तो थर पावसाळ्यात कधी सुकतच नाही. कृती अशी: प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जाईल, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग रॅम काढा.

पुसायची कशाने, यावर मात्र दुकानवाला आणि मास्तर यांचं चांगलंच जुंपलं. दुकानवाल्याचं म्हणणं, पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, सगळी दुकानं तेच करतात. मास्तर म्हणाले, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दोन-चार वेळा चालेल, दर पावसाळ्यात घासलंत तर खालचा धातू उघडा पडेल आणि मग खारी हवा त्यालाच खाईल. शिवाय खोडरबराचा भुसा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर दोन थेंब, पट्ट्यांच्या लांबीने पुसा. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. मला मास्तरांचं पटतं. एक बाटली दोन-तीन वर्षं पुरते, मग घासायचं कशाला?

धूळ काढायला कॅबिनेट पंक्चरवाल्याकडे नेऊ नये, यावर मात्र दोघांचं एकमत. कॉम्प्रेसरच्या टाकीत ओल साठते आणि पावसाळ्यात नळीतून हवेबरोबर पाणी आणि तेलही उडतं. हातातला ब्लोअर पुरतो. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. मागच्या बाजूच्या उघड्या खाचांवर पत्र्या बसवायच्या. तिथून पाली शिरतात आणि एसएमपीएसमध्ये चिकटून मरतात.

तारीख मागे जाणं ही सर्वांत स्वस्त तक्रार. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, २.८ च्या खाली उतरला की बदलायचा. तारीख चुकली की बँकेची, बुकिंगची पानंही "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत, आणि माणूस इंटरनेटला दोष देतो. सेल काढण्याआधी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या, सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. सेटिंग मूळपदावर गेली आणि साटाचा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल.

एवढ्यात रापणीवरचा, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांतला, एक पोरगा धावत आला. फोन समुद्रात पडला होता, दोन मिनिटांत काढला, अजून चालू होता. चर्चा जागच्या जागी थांबली.

"आधी बंद कर," दुकानवाला ओरडला. "चार्जर लावू नको. कव्हर काढ, सिमचा ट्रे बाहेर काढ."

पोरगा म्हणाला, घरी तांदळात ठेवतो. सगळ्यांनी एकदम नाही म्हटलं. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचा भुसा पोर्टमध्ये बसतो. ॲपलनेही जानेवारी २०२४ मध्ये तांदळात ठेवू नका असंच लिहिलं. पण इथे अडचण पाण्यापेक्षा मिठाची आहे. खारं पाणी वीज छान वाहून नेतं, त्यामुळे बॅटरी जोडलेली असेपर्यंत आतलं तांबं विरघळत राहतं. पोर्टवर जो हिरवा थर दिसतो तो त्याचाच. नुसतं सुकवलं तर पाणी जातं, मीठ तिथेच राहतं आणि पुन्हा ओल धरतं.

बारक्या म्हणाला, पाणी-धूळ रोखण्याचं आयपी६८ मानांकन आहे, काही होणार नाही. मास्तरांनी त्याला थांबवलं. ती चाचणी गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. समुद्राचं आश्वासन त्यात नाही, आणि एकदा स्क्रीन बदलली की आतला चिकट सील पहिल्यासारखा राहीलच असं नाही. मात्र सील शाबूत असेल, काच कुठे तडकलेली नसेल, तर बंद फोन नळाच्या गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरून वरचं मीठ काढावं, पोर्ट खाली करून हलकेच झटकावा आणि पंख्याच्या वाऱ्यात किमान एक दिवस ठेवावा. या पोराच्या फोनची मागची काच फुटलेली होती. म्हणजे पाणी आत गेलंच. मग एकच रस्ता: आत्ताच उघडायचा, बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, बोर्ड आयसोप्रोपिलमध्ये धुवायचा. दुकानवाला त्याला घेऊन उठलाच. खाऱ्या पाण्याच्या फोनला उद्या नसतो.

तो गेल्यावर एसएसडीची गाडी मास्तरांनी पुढे नेली. डिस्क बदलण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवून चार ओळी बघायच्या. ०५, सी५ आणि सी६ वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच जातोय, आधी डेटा काढा. पण नुसता सी७ वाढत असेल तर डिस्क बरी असते. डेटा साटाच्या केबलमध्ये चुकतोय. किनाऱ्यावर हे पुष्कळ होतं: केबलचं टोक गंजतं आणि बळी जातो डिस्कचा. चाप असलेली नवी केबल लावायची आणि आकडा पुन्हा वाढतो का ते आठवडाभर बघायचं.

रॅम घेताना या पिढीत एक फसगत आहे. आय३-६१०० रॅमचे दोन प्रकार चालवतो, डीडीआर४ ही आणि डीडीआर३एल ही, आणि एच११० चे बोर्ड दोन्ही तऱ्हेचे निघाले. खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही. म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जायचं. डीडीआर४ असेल तर ३२०० वेगाची मिळाली तरी चालते, धावेल २१३३ वरच. जुन्या ४ मध्ये नवी ८ मिळून १२ जीबी चालतं. एसएसडी थेट बोर्डावर बसवायची एम.२ ची खाच यातल्या बऱ्याच बोर्डांना नाही, तेव्हा अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी.

"आणि विंडोजचं काय?" बारक्याचा मूळ प्रश्न तसाच होता, आणि रास्त होता. घरगुती विंडोज १० ला जादा सुरक्षा अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यापुढे नाही. मास्तरांचा सल्ला: ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम उतरवून घ्या आणि काही न बसवता त्यावरूनच पीसी सुरू करून बघा. प्रिंटर पावती छापतो का, वायफाय धरतं का, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग जमतं का. या तिन्हींना हो आलं तर नव्या एसएसडीवर तेच बसवा. एखाद्याला नाही आलं तर बारक्या बरोबर, नव्या मशीनचा विचार करा. जुनी डिस्क काहीही न पुसता महिनाभर कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत.

वहिनींनी शेवटी विचारलं, पावसाळ्यात पाहुणे नसतात तेव्हा पीसी झाकून ठेवू का? सगळे म्हणाले नको. प्लास्टिकखाली ओल कोंडते. वीज कडकडत नसेल त्या दिवशी अर्धा तास चालू ठेवायचा. आतली ऊब हीच त्याची छत्री.

रविवारी सकाळी अण्णा मीटर आणि बल्ब घेऊन दांडीला जाणार आहेत. दुकानवाल्याने एसएसडी बाजूला काढून ठेवली आहे, पण अण्णांचा फोन आल्याशिवाय ती दुकानाबाहेर पडणार नाही.