फुकट्याचे नखरे

विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं लिनक्स फुकट मिळतं, हे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मोठ्याने बोलू नये. परवा मी बोललो, आणि इतका वेळ 'सर, सर' करणारा काउंटरवरचा मुलगा एकदम 'बोला, अजून काय' वर आला.

नवा डेस्कटॉप जुळवायचा होता. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्यातल्या 'जी'मुळे ग्राफिक्स आतच येतं, वेगळं कार्ड लागत नाही. मुलगा म्हणाला, "इंटेलचा १२४००एफ घ्या, स्वस्तात बसेल." 'एफ'मध्ये ग्राफिक्स नसतंच. म्हणजे स्वस्त प्रोसेसर घ्यायचा आणि कार्डासाठी पुन्हा ह्याच्याच दारात उभं राहायचं. वर एनव्हीडियाचंच कार्ड घ्या म्हणे. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत ह्याच कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. तिने २०२२ मध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, थोडा कोड खुला केला, पण एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतो, मग उगाच कटकट कशाला? हे सगळं मी त्याला बोट न दाखवता सांगितलं.

अडलं ते वायफायच्या कार्डापाशी. डब्यावर वेग होता, अँटेना होता, हसणारं कुटुंब होतं. चिप कुठली, ते नव्हतं. आणि लिनक्सला नेमकं तेवढंच कळावं लागतं. मॉडेल तेच ठेवून व्हर्जन दोनमध्ये गुपचूप चिप बदलणाऱ्या कंपन्या आहेत. "उघडून बघू का?"

"सील तोडलं की तुमचं."

शेजारी एक काका शाईने बरबटलेलं कार्ट्रिज कॅरीबॅगेत घेऊन रिफिलसाठी उभे होते. त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि औषधाची एक्सपायरी बघावी तसा पाठीमागून वाचला.

"विंडोज आहे, मॅक आहे. तुमचं नाहीये."

"नसतंच लिहिलेलं."

"मग कंपनीला काही माहीत असेल ना! हॅकर आहात का?"

"नाही हो, प्रुफं तपासतो."

"आमच्या मेव्हण्याचा मुलगा हेच वापरतो. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं. मुलीकडचे बघायला आले तेव्हा हा टेबलाखाली. म्हणे प्रिंटर लावतोय."

न राहवून विचारलं, "लागला?"

"प्रिंटर लागला हो. लग्न लागायचं राहिलंय अजून."

मुलगा खो खो हसला. इतका वेळ मी बोलत होतो तेव्हा त्याची नजर मोबाइलवरून हलली नव्हती.

मग त्याने उदार होऊन सांगितलं, "विंडोज टाकून देतो ना, फ्री." लायसन्सचं विचारल्यावर म्हणाला, "सगळ्यांना तेच देतो." काकांनी माझ्याकडे 'बघा, किती चांगला मुलगा' अशा नजरेने पाहिलं. चोरून टाकलेलं फुकट म्हणजे सर्व्हिस, आणि हक्काने मिळणारं फुकट मागितलं की मी भिकारी!

शेवटी इंटेलच्या चिपचं, मदरबोर्डवर बसणारं पीसीआयई वायफाय कार्ड घेतलं, कारण निदान त्याच्या डब्यावर चिपचं नाव होतं. महाग पडलं. बिलावर मुलाने बॉलपेनने लिहिलं, 'विंडोज नाही, कम्प्लेंट नाही.' प्रोसेसरच्या वॉरंटीचा विंडोजशी काय संबंध, हे विचारलं तर म्हणाला, "शेठचा रूल आहे." १८ टक्के जीएसटी मात्र पूर्ण लावला. तो लावताना कुठली सिस्टीम टाकणार, हे कोणी विचारलं नाही.