बिबट्याचे प्रवक्ते

परवा मी बिबट्या बघायला गेलो आणि एका गृहस्थांची मान बघून परत आलो. ती मान आता मी कुठल्याही गर्दीत ओळखेन. उजवीकडे मसुराएवढा तीळ, कॉलरमधून बाहेर आलेलं शर्टाचं लेबल, त्यावर इस्त्रीचं पुसट चित्र. टोपीच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला सात भोकं, खुंटी तिसऱ्यात अडकवलेली. तिकिटात मला दिसलं ते एवढंच.

राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असतं तसं ते माहिती केंद्र. जखमी होऊन आलेले, पिल्लूपणीच आईपासून तुटलेले, परत जंगलात सोडता न येणारे प्राणी तिथे मोठ्या आवारांत ठेवलेले असतात. बिबट्याच्या आवाराला लाकडी भिंत आणि भिंतीत बघायला चार फटी. दोन लहान मुलांच्या उंचीच्या, तिथे मुलं चिकटलेली. तिसरीसमोर झुडूप इतकं माजलेलं की पानांखेरीज काही दिसू नये. उरली चौथी. तिच्यावर हे गृहस्थ.

"दिसतोय का हो?" मी विचारलं.

"शूऽऽ. झोपलाय."

झोपलाय तर शूऽऽ कशाला, आणि झोपलेलाच बघायचाय तर मलाही दोन मिनिटं बघू द्या, असं मनात आलं. पण मी भिडस्त माणूस. थांबलो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, "अजून झोपलाय?"

"शेपूट हलली."

"कुठे?"

"मागे."

एव्हाना माझ्या मागे रांग लागली होती. गृहस्थ बातमी मला देत, मी मागच्या बाईंना, त्या त्यांच्या मुलाला. 'शेपूट हलली' ही बातमी रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत 'उठून बसला' अशी झाली आणि घुबडापाशी उभे असलेले चौघं मोबाइल उगारत धावत आले. "पोट खाली-वर होतंय," पुढची बातमी. ही मागे गेल्यावर कुणीतरी हळहळलं, "अरेरे, आजारी आहे का?"

मग ते मान न वळवता म्हणाले, "चित्ता काय देखणा प्राणी आहे नाही!"

"काका, बिबट्या आहे तो. बाहेर पाटी आहे."

"पाटीचं काय सांगता! मी ठिपके बघतोय ना."

आता हे माझं दुखरं बोट. बिबट्याला चित्ता म्हणणारा माणूस भेटला की मला शांत बसवत नाही. म्हटलं, चित्त्याचे ठिपके भरीव असतात. बिबट्याच्या अंगावरचे फुलासारखे, मधून पोकळ. शिवाय चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. रेघ आहे का बघा.

"तोंड तिकडे केलंय."

"मग ठिपके बघा. पोकळ आहेत का?"

त्यांनी खरंच बघितलं. बराच वेळ. "पाठीवरचे पोकळ आहेत. पायावरचे भरीव."

हे शंभर टक्के बरोबर होतं. बिबट्याच्या डोक्यावर आणि पायांवर भरीव ठिपकेच असतात. म्हणजे निरीक्षण उत्तम! मला तेच जास्त लागलं. आणि एवढं अचूक बघून निष्कर्ष काय काढला? "म्हणजे खालून चित्ता असेल."

१९०७ साली हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने आपल्या प्राणिसंग्रहालयात गज काढून खंदक खणले, माणसाला प्राणी मोकळे दिसावेत म्हणून. माणूस आणि माणूस यांच्यामध्ये खणायचं मात्र तेव्हापासून राहूनच गेलंय.

बिबट्यावर माझा राग नाही. तो रात्री आणि पहाटे-संध्याकाळी हिंडणारा प्राणी. केंद्र उघडतं तेव्हा तो झोपतो, बंद होतं तेव्हा आळस देतो. झोपायला आडोसा मिळणं हा त्याचा हक्कच आहे. राग आहे तो फलक लावणाऱ्यांवर. आवाज करू नका, खायला घालू नका, भिंतीवर थापा मारू नका. सगळं प्राण्यांच्या भल्याचं, असायलाच हवं. पण एका माणसाने एक फट किती वेळ अडवावी, यावर ओळ नाही. आणि ते झुडूप! कात्रीचं दहा मिनिटांचं काम. ते झालं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

एवढ्यात वनरक्षक आले. मी मनात म्हटलं, चला, न्याय होणार. ते सरळ माझ्यापाशी आले. "साहेब, तुम्ही अर्धा तास इथेच उभे आहात. मागच्यांनाही बघू द्या."

"मी अजून काहीच..."

"हो ना," फटीतून आवाज आला. "केव्हाचे मागून ढोसताहेत."

मागच्या बाईंनीही मान डोलावली. त्याच बाई, ज्यांना मी अर्धा तास फुकट बातम्या पुरवल्या होत्या.

मी घुबडाकडे गेलो. तिथे कुणीच नव्हतं. घुबडाच्या मानेत १४ मणके असतात, माणसाच्या ७. घुबड २७० अंशांपर्यंत मान फिरवू शकतं. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्यातले १८० वापरले.

बाहेर पडताना भिंतीवर बिबट्याच्या पंजाचा प्लॅस्टरचा ठसा होता. चार बोटं, मागे गादी, नखं नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. चित्त्याच्या ठशात नखं उमटतात. हा पुरावा दाखवायला मी काकांना शोधलं. ते दाराशी अभिप्रायाच्या वहीवर वाकले होते. मी पुन्हा त्यांच्या मागे उभा. तोच तीळ, तेच लेबल. पण या वेळी खांद्यावरून दिसत होतं.

त्यांनी लिहिलं होतं : 'चित्ता छान. प्रेक्षकांना शिस्त नाही.'