‘सगळं फोनवर शिकता येतं’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही मनापासून आणि भरपूर लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. चित्रीकरण, ध्वनी, संकलन शिकवणारे कोर्स म्हणजे पैसे उकळायचा धंदा. सॉफ्टवेअर फोनवर फुकटात शिकता येतं. कामं ओळखीनं मिळतात आणि सेटवर सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. तुमच्या भाच्याला वर्षभराच्या कोर्सला प्रवेश घ्यायचा आहे आणि तुम्ही त्याला सांगताय की फीच्या पैशात कॅमेरा घे आणि कामाला लाग. मी ‘शिकून या’ असं लिहून मुलांची दिशाभूल करतो, असा तुमचा आरोप आहे.

सर्टिफिकेटचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. मी संकलनाचं काम करतो, हाताखाली असिस्टंट घेतो, आणि आजवर एकाचंही सर्टिफिकेट मागितलेलं नाही. ओळखीचंही खरं आहे. या क्षेत्रात माणूस बहुतेक वेळा एका वाक्यावर घेतला जातो : ‘याच्याबरोबर मी काम केलंय, चांगला आहे.’ पण हे वाक्य कुणाबद्दल बोललं जातं आणि कशामुळे, हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवलात. माझ्या लेखाचा सगळा भर त्यावरच होता.

सॉफ्टवेअरबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. कट कसा मारायचा, रंग कसे जुळवायचे, मायक्रोफोन कुठला घ्यायचा, हे सगळं व्हिडिओ बघून येतं. माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलांना नवी सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा चांगली येतात. अडतं ते पुढे. पडद्यावरचं कुठलंही काम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात पुरं होतं, आणि आपलं काम पुढच्याच्या हाती नीट देणं ही गोष्ट एकट्यानं घरात बसून शिकता येत नाही. समोर पुढचा माणूसच नसतो.

एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्यातून भरलेलं मेमरी कार्ड निघतं. कॅमेरा असिस्टंट लगेच त्यावर रोल नंबर (म्हणजे त्या कार्डाचा क्रमांक) लिहिलेली चिकटपट्टी लावतो, म्हणजे ते चुकून परत कॅमेऱ्यात जाणार नाही. तिथून ते डेटा सांभाळणाऱ्याकडे येतं. तो नुसतं फोल्डर ओढून ड्राइव्हवर टाकत नाही. चेकसम काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं किमान दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करतो. चेकसम म्हणजे फाइलमधल्या सगळ्या डेटावरून काढलेला एक आकडा. मूळ फाइलचा आणि कॉपीचा आकडा जुळला तरच कॉपी तंतोतंत झाली असं मानायचं. मग तो क्लिप उघडून बघतो, सुरुवात बघतो, शेवट बघतो, आवाज ऐकतो. कॅमेरा रिपोर्टमध्ये, म्हणजे काय काय चित्रित झालं त्याच्या नोंदीत, जितक्या क्लिप लिहिल्यात तितक्या ड्राइव्हवर आहेत का ते मोजतो. इतकं झालं की मगच कार्ड फॉरमॅटला, म्हणजे पुसून परत वापरायला, मोकळं. आणि रात्री ते दोन ड्राइव्ह एकाच गाडीतून जात नाहीत.

यातलं काहीही अवघड नाही; दहा मिनिटांच्या व्हिडिओत समजेल. अवघड आहे ते असं : दिवस लांबलाय, उजेड चाललाय, कॅमेरामन कार्डासाठी ओरडतोय, आणि विशीतला पोरगा शांतपणे म्हणतो, ‘अजून व्हेरिफाय होतंय, तोवर दुसरं कार्ड घ्या.’ हे म्हणायला धीर लागतो आणि तो सवयीनं येतो. सराव कुठे करायचा? जिथे कार्ड पुसलं गेलं तर फार तर वर्गातल्या मित्रांची एक शॉर्ट फिल्म जाईल, तिथे. दुसऱ्याच्या पैशानं आणि चाळीस माणसांच्या दिवसभराच्या मेहनतीवर हा सराव होता कामा नये.

मोठ्यांना ‘थांबा’ म्हणायची ही सवय फक्त फाइलींपुरती नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका चित्रपटाचं युनिट रेल्वेच्या पुलावर शूटिंग करत होतं. रुळांवर काम करायची परवानगी रेल्वे कंपनीनं दिलेली नव्हती. गाडी आली. सत्तावीस वर्षांची कॅमेरा असिस्टंट जागीच गेली आणि आणखी काही जण जखमी झाले. दिग्दर्शकानं पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. त्या युनिटमध्ये अनुभवी माणसं होती, हे मुद्दाम सांगतो. नुसता अनुभव पुरत नाही. ‘परवानगीचा कागद दाखवा’ हे वाक्य नवख्या असिस्टंटच्याही तोंडात बसलेलं असायला हवं, आणि ते म्हटल्याबद्दल त्याचं पुढचं काम जाणार नाही अशी जागा त्याला आयुष्यात एकदा तरी मिळायला हवी. वर्गात प्रत्येक शूटच्या आधी धोक्यांची यादी लिहायला लावतात, तेव्हा मुलं कंटाळतात. कंटाळू देत. लिहून घ्या.

आता तुमच्या कॅमेऱ्याकडे येतो. एका मुलानं माझ्याकडे एक लांब मुलाखत संकलनाला पाठवली होती. फोनवर चित्रित केलेली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. फ्रेम अप्रतिम होत्या, नजर उपजत होती त्याची. पण सुरुवातीला ओठांशी जुळणारा आवाज मुलाखतीच्या मध्यावर येईपर्यंत उघड उघड सरकलेला. कारण साधं होतं. बरेच फोन एका ठरलेल्या वेगानं फ्रेम घेत नाहीत. प्रोसेसरवरच्या ताणानुसार आणि उजेडानुसार वेग थोडा कमीजास्त होत राहतो. रेकॉर्डर मात्र स्वतःच्या घड्याळानं एकसारखा चालतो. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. टीव्ही प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत असं नोंदवलंय की आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला खटकायला लागतं, उशिरा आला तर मात्र सुमारे 125 पर्यंत ध्यानात येत नाही. (उजेडाच्या मागून आवाज येणं आपल्या मेंदूच्या सवयीचं आहे, म्हणून उशिराला माफी असते.) म्हणजे एका फ्रेमहून जरा जास्त सरकलं, तेही चुकीच्या बाजूला, की प्रेक्षक अस्वस्थ. का ते त्याला कळतही नाही.

त्या मुलाला हे आधी कधी कळलंच नव्हतं, कारण तो स्वतःच चित्रित करायचा, स्वतःच छोटे छोटे तुकडे कापायचा आणि टाकायचा. त्याची चूक त्याच्याच घरात जिरायची. शिकलेला मुलगा शूटच्या आदल्या दिवशी काय करतो? एक चाचणीची क्लिप कॅमेऱ्यापासून संकलनापर्यंत, तिथून ध्वनीकडे आणि परत, अशी सगळीकडून फिरवून आणतो. आवाज 48 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) आहे का, फ्रेमचा वेग सगळीकडे एकच आहे का, फाइलींची नावं पुढच्याला कळतायत का. फुकटातलं काम आहे, तासाभराचं. पण पुढच्या माणसाची आठवण झाल्याशिवाय ते सुचत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की कॅमेरा विकत घेण्यापेक्षा चार माणसांबरोबर अडकून पडणं जास्त शिकवतं. चांगल्या कोर्समध्ये एका फिल्मला तुम्ही दिग्दर्शक असता, दुसरीला बूम (लांब दांड्यावरचा मायक्रोफोन) धरून उभे राहता, तिसरीला कंटिन्यूइटीची वही, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळावं म्हणून ठेवलेली नोंद, सांभाळता. ज्यानं एकदा रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, रेकॉर्ड करायला सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं केलंय, तो पुढे दिग्दर्शक झाल्यावर साउंडवाल्याला ‘आता ते राहू दे’ असं म्हणत नाही. आणि साधनं नसली तरी हे होतं. 1919 मध्ये मॉस्कोत चित्रपटाची शाळा सुरू झाली. जगातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. यादवी युद्धाच्या दिवसांत कोरी फिल्म मिळेना. तिथे शिकवणारा लेव कुलेशोव तेव्हा जेमतेम विशीचा होता. त्यानं मुलांकडून फिल्मशिवायच फिल्म करून घेतल्या. शॉटमागून शॉट असे आखलेले प्रसंग ती प्रेक्षकांसमोर उभं राहून सादर करायची. पुढे नावाजलेला दिग्दर्शक व्सेवोलोद पुदोव्हकिन त्याच वर्गातून तयार झाला.

‘सेटवर जाऊन शीक’ हा तुमचा सल्ला मी मोडीत काढत नाही. उत्तम फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारे) आणि लाइटमन मी असेच घडलेले पाहिलेत. पण त्यांना कुणीतरी हाताला धरून शिकवलेलं असतं, आणि तेसुद्धा प्रशिक्षणच असतं, फक्त त्याला फी नसते आणि इमारत नसते. अडचण अशी की सेटवर समजावून सांगायला वेळ कुणाला नाही. शिवाय तिथवर पोचतं कोण? ज्याचा काका-मामा या लाइनमध्ये आहे तो, किंवा सुरुवातीचे महिने बिनपगारी काढायची ज्याच्या घरची ऐपत आहे तो. बाकीच्यांनी काय करायचं? ज्या मुलीचं या क्षेत्रात कुणीच नाही, तिच्यासाठी वर्गातली वीस मुलं हीच पहिली ओळख असते. तीच पुढे पाच-सात वर्षांत ठिकठिकाणी कामाला लागतात आणि तिच्याबद्दल ते वाक्य बोलतात. मला या सगळ्या वादात सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा हाच वाटतो. प्रशिक्षणाची थट्टा करणं ज्यांना परवडतं, त्यांच्यासाठी दार आधीच उघडं असतं.

वाईट कोर्सबद्दल तुम्ही लिहिलंय ते मी शब्दन्‌शब्द मान्य करतो. वर्षभर एकच सॉफ्टवेअर शिकवायचं, स्टुडिओचे फोटो माहितीपत्रकावर छापायचे आणि प्रत्यक्ष कॅमेऱ्याला हात आठवड्यातून एकदाही लावू द्यायचा नाही, असं चालतं. सगळ्यांना दिग्दर्शक व्हायची स्वप्नं विकतात तेही चालतं. कुठल्याही चित्रपटाची शेवटची नामावली थांबून वाचा. दिग्दर्शकाचं नाव एक, आणि बाकी शेकडो माणसांनी पोट भरायची कामं केलेली असतात. असिस्टंट एडिटर, डायलॉग एडिटर, सबटायटल करणारे, शेड्यूल लावणारे, प्रॉडक्शनचा हिशेब ठेवणारे. या कामांचं नावही ज्या वर्गात निघत नाही, तिथे पैसे भरू नयेत.

तर भाच्याला एवढं करायला सांगा. प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन सध्या शिकणाऱ्या मुलांना भेटू दे, कार्यालयातल्या माणसांना नंतर. मुलांना विचारू दे की गेल्या सहा महिन्यांत किती फिल्म पुऱ्या झाल्या, त्यातल्या प्रत्येकात तू काय होतास, आणि काम फसलं तेव्हा शिक्षकांनी काय केलं. मग एखाद्या पुऱ्या झालेल्या फिल्मचं प्रोजेक्ट फोल्डर दाखवा म्हणावं. नावं लावलेले रोल, साउंड रिपोर्ट, कंटिन्यूइटीची पानं, आवाज वेगळा काढून दिलेल्या फाइली हे सगळं त्यात सापडलं, तर बिनधास्त फी भरा. ‘अंतिम_नवीन_खरंच_अंतिम’ नावाची एकच फाइल निघाली, तर तुम्ही म्हणता तेच करा, मी आड येणार नाही. अभ्यासक्रमाचा कागद मिळाला तर इथेच खाली लिहून पाठवा. मी वाचून माझं मत सांगेन, आणि ध्वनी किंवा प्रॉडक्शनमध्ये काम करणारे जे वाचक इथे येतात, त्यांनीही सांगावं.