दालचिनी चालेल, धणे नाही

इस्रायलने केलेल्या गाझाच्या नाकेबंदीचा निषेध करायचा म्हणता? करा की, कोणी अडवलंय? म्हणजे अडवतील, पण त्याआधी अनुभवी माणसाच्या चार गोष्टी ऐकून घ्या. आम्ही या विषयात मुरलेले आहोत. आजवर एकही निषेध केलेला नाही, त्यामुळे एकदाही चुकलेलो नाही.

सुरुवात शब्दापासून. फलकावर 'नाकेबंदी' लिहू नका, 'नाकाबंदी' लिहा. शनिवारी रात्री पोलीस गाडी थांबवून फुंकर मारायला लावतात, ती. तिच्या विरोधात निम्मं शहर तुमच्या मागे उभं राहील. कोणाच्या भावना दुखावणार नाहीत, परराष्ट्र धोरणाला धक्का लागणार नाही.

मग जागा. मुंबईत असाल तर आझाद मैदान. पण इथे आधी गटारांचा क्रम समजून घ्यावा लागतो. जून २०२५ मध्ये याच मैदानावर गाझासाठी निदर्शनं करण्याची परवानगी पोलिसांनी नाकारली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अर्ज एका संघटनेचा आणि याचिका दुसऱ्या पक्षाची, हा तांत्रिक मुद्दा होताच. पण २५ जुलैला याचिका फेटाळताना न्यायालयाने वडीलकीचा सल्लाही दिला: इतक्या लांबचं कशाला बघता, आपल्या देशाकडे बघा. कचरा आहे, प्रदूषण आहे, सांडपाणी आहे, पूर आहे. देशभक्त व्हा.

तेव्हा आधी आपल्या गल्लीतलं गटार, मग वॉर्डातलं, मग शेजारच्या वॉर्डातलं. सगळी वाहती झाली की गाझाचा नंबर. पुढे ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली, तीही २० तारखेची. आदल्या दिवशी, १९ ला, मुंबई पाण्यात होती आणि मोनोरेल शेकडो माणसांना पोटात घेऊन अधांतरी अडकली होती. न्यायालयाने सुचवलेला विषय असा आपल्या पायाने मैदानापर्यंत चालत आलेला, आणि ही मंडळी तरी गाझाच धरून बसली. याला म्हणतात हट्टीपणा. दोनच दिवसांनी, २२ ऑगस्टला, अन्नसुरक्षेचं मोजमाप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे दुष्काळ पावसाच्या लहरीने येतो. हा फाटकाच्या कुलपाने आला होता.

आता थोडा गृहपाठ. गोडा मसाल्याचं सामान ओट्यावर मांडा आणि घटकाभर इस्रायली अधिकारी व्हा. २००७ साली हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने गाझाचा ताबा घेतल्यावर इस्रायलने जमीन, समुद्र आणि आकाश अशी सगळी दारं लावली. दक्षिणेचं एक दार इजिप्तने लावलं, त्याचं नाव सहसा कोणी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. मग आत काय सोडायचं याची यादी आली. ती यादी काय आहे हेही सरकार सांगत नव्हतं. 'गिशा' नावाच्या इस्रायलमधल्याच एका मानवी हक्क संस्थेने व्यापाऱ्यांना विचारून विचारून ती जुळवली. तर आता निवडा. दालचिनी डावीकडे, ती चालते. धणे, जिरे, वेलदोडे, जायफळ, आलं उजवीकडे, ते चालत नाही. जाम, चॉकलेट, बटाट्याचे चिप्स, खेळणी, वह्या, कपड्यांचं कापडसुद्धा उजवीकडे. कारण सुरक्षेचं. हमासची रॉकेटं खरी होती, त्यांच्या भीतीने गाझाच्या हद्दीलगतच्या स्देरोत या इस्रायली गावातली पोरं तळघरात झोपली हेही खरं. त्या रॉकेटांत जिरं घालत होते का, एवढा एकच प्रश्न विचारायचा नाही. कढईत जिरं तडतडताना ज्याने ऐकलंय त्याला कदाचित पटेलही.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेचे सिनेटर जॉन केरी गाझात जाऊन आले. तेव्हा त्यांना कळलं की तांदूळ ही मानवतावादी मदत आहे, पण पास्ता नाही. त्यांनी विचारणा केली, आणि पास्ता मानवतावादी झाला. निषेध असा करावा: आधी सिनेटर व्हावं.

तरी यादी हा ढोबळ हिशोब. बारीक हिशोब २०१२ मध्ये, त्याच गिशाने कोर्टकचेऱ्या केल्यावर, बाहेर आला. २००८ च्या सुमाराचा इस्रायली संरक्षण मंत्रालयाचा कागद होता. गाझातल्या माणसाला दिवसाला २,२७९ कॅलरी लागतात. गाझात पिकतं ते वजा करून बाकी सगळं आठवड्यातले पाच दिवस, रोज १०६ ट्रकांमध्ये बसतं. हा नुसता मसुदा होता, तो कधी अमलात आणला नाही, असं मंत्रालयाने सांगितलं. ठेवू विश्वास. आमच्याकडे लग्नाचं कंत्राट घेणारा आचारीसुद्धा ऐनवेळी येणारे पाहुणे धरून दोन पातेली जास्त चढवतो. पण तो आचारी असतो, त्याला कॅलरी मोजता येत नाहीत.

रस्त्याने जमत नसेल तर समुद्र आहे, असं काही अतिउत्साही लोकांना वाटतं. त्यांच्या नादी लागू नका. लागायचंच असेल तर सप्टेंबर २०१० मधल्या 'आयरीन' या बोटीचा आदर्श ठेवा. सायप्रसहून निघालेली छोटी बोट, प्रवासी ज्यू. त्यांत हॉलोकॉस्टमधून वाचलेले, ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आणि इस्रायली हवाई दलाचा एक माजी वैमानिक. सामान काय, तर खेळणी, वाद्यं, पाठ्यपुस्तकं, मासेमारीची जाळी. नौदलाने ती अडवली आणि ओढून नेली. आठवतेय तुम्हाला ती बोट? नाही ना? निषेध असाच हवा. सभ्य, निर्मळ आणि कोणाच्याही लक्षात न राहणारा.

याउलट त्याच वर्षीची, गाझाला मदत घेऊन निघालेली 'मावी मारमारा' ही बोट. ३१ मेच्या पहाटे, आंतरराष्ट्रीय समुद्रात, इस्रायली कमांडो दोरांवरून डेकवर उतरले, काही प्रवाशांनी कांबी आणि दांडकी उगारली, आणि नऊ प्रवासी गोळ्यांनी मेले. दहावा चार वर्षं बेशुद्धीत राहून गेला. तुम्हाला दोन्ही बाजू समजून घ्यायची हौस असेल तर संयुक्त राष्ट्रांनी दोन अहवाल दिलेत. एक म्हणतो नाकेबंदी बेकायदा. दुसरा म्हणतो समुद्रातली नाकेबंदी कायदेशीर, बळाचा वापर मात्र अतिरेकी. हवा तो घ्या, दुसरा बैठकीतल्या पाहुण्यांसाठी ठेवा. फक्त एक तपशील चारचौघांत काढू नका. त्या पहाटेनंतर तीन आठवड्यांच्या आत याद्या सैल झाल्या. जाम आत गेला, चिप्स गेले, मसाले गेले. तीन वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे धणे हलले नाहीत, ते दहा माणसांनी हलवले. हे लोकांना कळलं तर सभ्य निषेधाला कोण विचारणार?

जून २०२५ ची 'मॅडलीन' तर विचारूच नका. बारा जण, त्यांत हवामान बदलाविरुद्ध लढणारी स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग. इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाने बोटीचं नाव 'सेल्फी यॉट' ठेवलं, एका ट्रकाएवढीही मदत नाही म्हणून हिणवलं आणि मग ग्रेटाला सँडविच देतानाचा फोटो स्वतःच टाकला. ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बार्सिलोना आणि भूमध्य समुद्रातल्या इतर बंदरांतून मिळून चाळीसच्या वर बोटी निघाल्या. त्यांना इटलीच्या पंतप्रधान मेलोनींनी सुचवलं की माल सायप्रसला उतरवा, पुढे पोहोचवतो. बोटी अडवल्यावर ३ ऑक्टोबरला इटलीत सार्वत्रिक संप झाला. तो शुक्रवार होता. लाँग वीकेंड आणि क्रांती एकत्र जमत नाहीत, असा टोला बाईंनी लगावला. लक्षात ठेवा, क्रांती बुधवारी करायची. मग कामाचा खोळंबा केला म्हणून शिव्या पडतील, त्या खायच्या.

"पण त्या गाझावाल्यांनी गांधींच्या मार्गाने जावं की!" हे वाक्य पाठ करा, कुठेही चालतं. फक्त समोरचा ३० मार्च २०१८ चं नाव काढणार नाही याची काळजी घ्या. त्या दिवसापासून पुढे दीड वर्षाहून अधिक काळ, बहुतेक दर शुक्रवारी, हजारो गाझावासी इस्रायलच्या हद्दीवरच्या कुंपणाकडे चालत गेले. काहींनी दगड मारले, टायर जाळले, पेटते पतंग सोडले. बहुतेक नुसते चालले. दोनशेहून जास्त मेले, हजारोंच्या पायांत गोळ्या गेल्या. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीत असेच निःशस्त्र लोक चालत शिरले होते आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या होत्या. त्यांना आपण हुतात्मे म्हणतो. पण ते आपले होते, हा मुद्दा निकाली.

कोणी विचारेल, हमासचं काय? ७ ऑक्टोबर २०२३ ला त्यांनी सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेंना ओढून नेलं. त्याचा निषेध करा, मनापासून करा, तो करायलाच हवा. त्यानंतर मात्र दमल्यासारखं करून बसा. एक निषेध नीट पार पाडायला सुमारे अकरा आठवडे लागतात. २ मार्च २०२५ पासून तेवढे दिवस गाझात पिठाचं एक पोतंही जाऊ दिलं नव्हतं, म्हणजे वेळ अगदी जुळते.

एवढंही झेपत नसेल तर सरकारी मार्ग आहे. १२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवा, नाकेबंदी उठवा असा ठराव आला. १४९ देश बाजूने, १२ विरोधात, १९ तटस्थ. आपण त्या १९ मध्ये. १९८८ सालीच पॅलेस्टाईनला मान्यता देऊन बसलेला आपला देश मनाने त्यांच्याच बाजूला आहे, असं समजायचं. हात तेवढा खाली होता.

तरीही निषेधच करणार? बरं, मग अर्ज तरी नीट लिहा. 'विषय' या रकान्यात गाझा, नाकेबंदी, दुष्काळ यांतलं काही नको. 'गोडा मसाला: घटक व प्रमाण, एक परिसंवाद' असं लिहा, परवानगी हातोहात मिळेल. धण्याचा उल्लेख तेवढा टाळा.