घामाचा हिशेब: टेमेक्युला आणि वेंगुर्ले

शनिवारी सकाळी चार-सहा मित्रांनी निघायचं, घोड्यावर बसून द्राक्षमळ्यांमधल्या मातीच्या वाटेने दोन वायनऱ्या, म्हणजे वाईन बनवण्याची ठिकाणं, गाठायच्या आणि रविवारी घरी परतायचं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलाची ही नेहमीची सहल आहे. तिचे फोटो घरच्या ग्रुपवर पडले की दोन उत्तरं हमखास येतात. एक म्हणतं, हे कोकणात का नको? समुद्र आहे, काजूबोंडं आहेत, किनाऱ्यावर घोडेसुद्धा आहेत. दुसरं म्हणतं, वाळूत आधीच बाटल्या सापडतात, कोकणचा आणखी गोवा करू नका. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हाही वाद याच दोन टोकांत चालला होता. आमचं म्हणणं असं की दोन्ही बाजू बाटलीकडे बघतायत. ही सहल कोकणात जमेल की नाही, ते घोडा ठरवणार आहे.

घोडा माणसासारखाच घामाने थंड होतो, आणि घाम सुकला तरच उष्णता बाहेर पडते. घोडे पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज 130 च्या आत असेल तर काळजी नाही. 150 ओलांडली की काम कमी करा, त्यातही आर्द्रता 75 च्या वर असेल तर जास्तच सांभाळा. 180 ला घोड्यावर खोगीर चढवायचंच नाही. टेमेक्युलात उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी 35 अंश आणि 20 टक्के आर्द्रता धरली तर 95 अधिक 20, म्हणजे 115. कोकणातल्या वेंगुर्ल्यात मे महिन्यात 32 अंश आणि 75 टक्के धरले तर 90 अधिक 75, म्हणजे 165. अंगाला तीन अंश कमी, आणि घोड्याला कितीतरी जड.

आपला कायदा इथेच कमी पडतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि 37 अंशांच्या वर तापमान जातं तिथे दुपारी 12 ते 3 काम नको. विदर्भात हा नियम जनावराला वाचवतो. कोकण किनाऱ्यावर पारा 37 ला क्वचितच जातो, त्यामुळे घामाने निथळणारा, नाकपुड्या फुगवून धापा टाकणारा घोडासुद्धा कागदावर नियमातच बसतो. किनारपट्टीसाठी आर्द्रतेचा आकडा नियमात यायला हवा. त्यासाठी लागतो तो एक आर्द्रतामापक, आणि तो काही महाग नसतो.

दुसरा हिशेब वजनाचा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहावेत. काटा नसेल तर टेप चालतो: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 150 आणि लांबी 140 भरली तर घोडा साधारण 265 किलोचा. किनाऱ्यावर फेऱ्या मारणारी बरीचशी तट्टं याच बांध्याची असतात. 20 टक्के म्हणजे 53 किलो, त्यातून खोगिराचे आठ वजा केले की उरले 45. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मित्रमंडळींत 45 किलोचे किती जण असतात? टेमेक्युलाच्या सहलीचे घोडे 450 ते 500 किलोचे असतात. जाड पाश्चात्त्य खोगीर सोळा किलोचं धरलं तरी 500 किलोच्या घोड्यावर 80 किलोचा माणूस बसू शकतो. तीच सहल तट्टावर उतरवली तर पहिल्या हंगामातच पाठी सोलवटतील. मोठ्यांना बसवायचं असेल तर मोठ्या चणीचे घोडे आणावे लागतील. ते महाग पडतात, आणि हा खर्च धंद्याच्या मांडणीत पहिल्या ओळीत दिसायला हवा.

आता वाट. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर किनारा येतो, तो आधी मनातून काढावा. भरतीरेषेच्या वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पायाच्या मागच्या स्नायुबंधांवर ताण येतो. ओली, घट्ट वाळू बरी, पण ती ओहोटीपुरतीच. वाळूवर टाकलेलं गवत खाऊन पोटात वाळू साठते आणि पोटशूळ उठतो. इसबगोल देऊन ती काही प्रमाणात बाहेर पडते, पण चंदी (दाणा) तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातून आणि गवत गव्हाणीत दिलं तर ती वेळच येत नाही. शिवाय वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. घोड्याच्या सहलीचा आणि त्यांचा हंगाम एकच.

खरी वाट आतली आहे. वेंगुर्ल्याहून मठ-तुळसच्या बाजूला दगडी गडग्यांमधून जाणाऱ्या पाणंदी, काजूच्या बागा, मध्ये एखादा व्हाळ, म्हणजे ओढा. जांभा खुराला किसणीसारखा झिजवतो, तेव्हा नाल हवीच आणि नालबंद सहा आठवड्यांनी यायला हवा. झिजून गुळगुळीत झालेल्या जांभ्यावर दव पडलं की नाल घसरते. अशा उतारावर पाहुण्याने उतरून घोडा हाताने न्यावा. नवख्यांसाठी दोन तास पुष्कळ, फक्त चालीने, ताशी सहा किलोमीटर, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. दुडकीचा हट्ट धरू नये. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून दहा मिनिटं चालल्यावर तो पुन्हा आवळायचा. हे विसरलं की खोगीर फिरतं आणि माणूस बाजूला लोंबकळतो. बुटाला दोनेक सेंटिमीटर टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला माणूस फरफटतो. चपलांना नाही म्हणा, पाहुणा कितीही रुसला तरी.

वाईनबद्दल थोडक्यात. कोकणच्या दमट हवेत द्राक्षावर केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग थांबत नाहीत, तेव्हा तिथली वाईन दुसऱ्या फळांचीच. काजूबोंडाचा रस टॅनिनमुळे तुरट असतो. लिटरला पाच ग्रॅम साबुदाणा शिजवून त्यात ढवळला आणि बारा तास ठेवला की गाळ बसतो. लिटरमागे 17 ग्रॅम साखरेतून साधारण एक टक्का अल्कोहोल बनतं. बोंडाची स्वतःची साखर अपुरी पडते, तेव्हा 12 टक्क्यांसाठी ती वरून घालावी लागते. बोंडं त्याच दिवशी पिळली नाहीत, किंवा एप्रिलच्या उकाड्यात आंबवणाचं भांडं तापलं, तर हाती व्हिनेगर येतं. बोंडाचा हंगाम उन्हाळ्यातला आणि घोड्याचा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. हे आमच्या मते चांगलंच आहे. एप्रिलमध्ये आंबवलेली वाईन डिसेंबरात बाटलीत तयार असते, आणि ताज्या रसासाठी कुणी मे महिन्यात घोडा बाहेर काढत नाही.

क्रम मात्र एकच: आधी घोडा, मग घोट. दोन वायनऱ्यांमध्ये घोड्यावर बसायचं असेल, तर पहिल्या ठिकाणी फक्त बघायचं आणि जेवायचं. चव दुसऱ्या ठिकाणी, खोगीर उतरल्यावर. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या स्वारालाही वाहनचालकाचे नियम लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यावर दारूच्या नशेत घोडा सांभाळणं 1872 पासून गुन्हा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याचं 185 वं कलम मोटारीपुरतंच आहे.

टेमेक्युलाचं सगळंच घ्यावं असं नाही. अपघाताची जोखीम तिथे बरीचशी पाहुण्याने सही केलेल्या कागदावर ढकललेली असते, ती पद्धत कोकणात नको. घ्यावं ते जमिनीचं नियोजन: रिव्हरसाइड काउंटीने 2014 मध्ये टेमेक्युलाच्या द्राक्षपट्ट्याचा आराखडा केला, तेव्हा वायनऱ्या, घरं आणि घोडे यांना वेगवेगळे विभाग दिले. तबेल्याची जागा आणि वाट आधी ठरली की गावाशी भांडण कमी होतं.

आणि पावसाळा. मुंबईत 2015 मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या. ते योग्यच झालं, पण घोड्यांचं आणि चालकांचं पुढे काय, हा प्रश्न रेंगाळला. कोकणात तो दर जूनला उभा राहील. 265 किलोच्या घोड्याला रोज पाचेक किलो सुकं गवत लागतं, चार महिन्यांना सहाशे किलोंच्या वर. दिवाळीच्या सुमारास सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत कापतात तेव्हाच ते घेऊन ठेवावं लागतं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर घोडा निघत नाही, आणि उघड्यावर रचलेल्या उडवीत भिजून बुरशी धरलेलं गवत खोकला आणि पोटशूळ देतं. पक्कं छप्पर, जमिनीपासून फूटभर उंच फळ्या, आणि खूर सडू नयेत म्हणून कोरडी जमीन, एवढं ज्याच्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंत असल्याचं ग्रामपंचायतीने जाऊन पाहिलंय, त्यालाच डिसेंबरात घोडा भाड्याने द्यायची परवानगी मिळावी.