गरिबी बघा, जात कशाला? (अटलांटातून)

'गरिबी बघा, जात कशाला बघता' हे वाक्य ॲडमिशनच्या सीझनला व्हॉट्सॲपवर आलं नाही असं वर्ष जात नाही. आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटात राहणारी काही मराठी घरं दरवर्षी थोडे थोडे डॉलर काढून महाराष्ट्रातल्या गरीब पोरांची इंजिनिअरिंगची फी भरतो. यंदा मी नुसतं विचारलं, आपले पैसे नक्की कुठल्या पोरांपर्यंत जातात ते एकदा बघूया का, तर लगेच हेच वाक्य.

आता याच अटलांटातली गोष्ट. फिअरलेस फंड नावाची इथली संस्था, कृष्णवर्णीय बायकांच्या छोट्या धंद्यांना 20,000 डॉलरची ग्रँट द्यायची, कारण व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या धंद्यांत गुंतवल्या जाणाऱ्या पैशाचा, एक टक्कासुद्धा या बायकांच्या वाट्याला येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये, वंश बघून काही देण्याविरुद्ध लढणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेनं फंडावर केस टाकली (हार्वर्ड विद्यापीठात वंश बघून ॲडमिशन देण्याविरुद्धची केस सुप्रीम कोर्टात नेऊन जिंकली ती याच ब्लमच्या दुसऱ्या संघटनेनं). आणि आधार कुठला, तर 1866 चा सिव्हिल राइट्स ॲक्ट! गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना गोऱ्यांच्या बरोबरीनं करार करता यावेत म्हणून झालेला कायदा, तोच काळ्या बायकांची ग्रँट थांबवायला वापरला. जून 2024 मध्ये अपील कोर्टानं 2-1 नं ग्रँट रोखली, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली, ग्रँट कायमची बंद. तेव्हापासून इथल्या बऱ्याच देणगीदार संस्था वकिलांना विचारल्याशिवाय वंशाबद्दल एक ओळ छापत नाहीत.

बरं, रंग न बघता दिलं की आपोआप सगळ्यांना सारखं मिळतं का? ब्रिजस्पॅन आणि एकोइंग ग्रीन या अमेरिकेतल्या सामाजिक क्षेत्रातल्या दोन संस्थांनी 2020 मध्ये एकाच फेलोशिपला अर्ज केलेल्या, निवडीत वर आलेल्या संस्था तपासल्या. काळ्या प्रमुखांच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा 24 टक्के कमी निघालं, आणि हवा तसा खर्च करता येईल असा हातातला पैसा 76 टक्के कमी. मला दुसरा आकडा जास्त बोचतो. म्हणजे पैसे दिले तरी भरवसा नाही, पै न पैचा हिशोब आधी दाखवा.

आपल्याकडे भारतात तर अशी कायद्याची आडकाठीसुद्धा नाही. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चाच्या, कायद्यातल्या यादीत सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करण्याचं काम चक्क लिहिलेलं आहे, तरी कंपन्यांचे रिपोर्ट उघडा, सगळीकडे 'गरजू मुलं' आणि शाळेच्या बॅगा वाटतानाचे फोटो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात असा आडपडदा ठेवला नव्हता, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी समाजागणिक वसतिगृहं उभी राहिली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. त्यांनाही तेव्हा जातीयवादी म्हणणारे होतेच.

आमच्या फंडाचं म्हणाल तर पोरं सापडतात कशी? कुणाच्या मावशीच्या ओळखीचा, कुणाच्या जुन्या शाळेतल्या सरांनी सुचवलेला. पोरं खरंच गरीब असतात, त्यात खोट नाही, पण सगळी आपल्याच ओळखीतली, आणि आपल्या ओळखी कुठल्या जातीत संपतात ते आपल्याला चांगलं माहितीय. म्हणून मी म्हटलं, यंदा फॉर्म लातूर-नांदेडच्या समाजकल्याणच्या हॉस्टेलांत पाठवू, घरातलं कॉलेजला जाणारं हे पहिलंच पोरगं का तेही विचारू, आणि कुणाला किती दिले ते जातवार एकदा आपल्यापुरतं तरी मांडू. पहिल्या दोन गोष्टींना हो म्हणाले सगळे. तिसऱ्यावर अजून वाद चालूय.