बिडाचा पाईप आणि माझे दहा रुपये

शहापुरातील आमच्या जुन्या घराच्या मागील भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा चार इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाईप गेल्या आठवड्यात उभा चिरला, आणि बेळगावचा जुलैचा पाऊस व आमच्या न्हाणीघरातील पाणी ही दोन्ही एकदमच स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरू लागली. प्लंबर मिळेपर्यंत तीन दिवस गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते शेजारच्या अण्णांविषयी.

अण्णांनी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकारखान्यात, साचे करणारा मोल्डर म्हणून उभी हयात काढली आहे. प्लंबरने ग्राइंडर पिशवीतून काढताच ते लुंगी सावरत आले, त्याच्या आणि पाईपच्या मध्ये उभे राहिले आणि माझ्यापुढे हात पसरून म्हणाले, "एक नाणं दे बघू." मी खिशातील दहा रुपयांचे नाणे दिले आणि त्यांच्या वयाकडे पाहून त्यांच्या डोक्यावर माझी छत्रीही धरली. कुंभाराकडचे मडके वाजवून घ्यावे तसे ते पाईपवर वरून खाली, वीतवीत अंतराने, नाणे आपटत ऐकू लागले.

"ऐक. हितं बोलतोय. हितंबी बोलतोय. आता हितं बघ, बद्द! मुका झाला."

चीर उघड्या डोळ्यांना दिसत होती. तिच्यातून पाणी येत होते. तरीही मी मान डोलावली.

"वेल्डिंग मारलं तर?" मी विचारले.

"मारशील, खरं शेजारी दुसरी चीर पडंल की! बीड हाय हे. दोन ते चार टक्के कार्बन असतो ह्यात. आधी सगळा पाईप तापवायचा, निकेलची रॉड वापरायची, मग सावकाश थंड करायचा. तुझ्या भिंतीवर भट्टी लावायची काय?"

प्लंबर मुलगा आतापर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "आगंगिल्ल री, नाही जमायचं ते. तेवढा तुकडा कापू, पीव्हीसी घालू, रबरी कपलिंगला क्लिपा आवळू. तासाभराचं काम." अण्णांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला मराठीत किंवा कन्नडमध्ये शब्द नाही. सांधा करायचा तो ताग ठासून आणि वर वितळलेले शिसे ओतून, असा त्यांचा निर्णय झाला. शिसे ओतताना सांध्यात पाण्याचा थेंब राहिला तर ते उसळून तोंडावर येते, हेही त्यांनीच सांगितले. मग पावसात ते ओतायचे कसे, असे मी विचारल्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "पावसात कोण ओततंय? दसऱ्यानंतर बघू."

दसऱ्यापर्यंत चार माणसांच्या या घराने अंघोळ कोठे करायची, हा प्रश्न त्यांच्या विद्येच्या कक्षेबाहेरचा होता. पंपांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत बीड ओतणाऱ्या या गावात एका चिरलेल्या पाईपला जाणकार भेटतो, पण पाना हाती धरणारा भेटत नाही. ज्याला सारे कळते तो कामाला हात लावत नाही, ज्याला हात लावायचा असतो त्याला हा लावू देत नाही, आणि या दोघांच्या मध्ये छत्री धरून उभा असतो तो घरमालक, ज्याचा उजवा खांदा त्या दिवशी दोन तास भिजला.

अखेर अण्णांना जेवणाची हाक आली. त्यांची पाठ वळताच मुलाने ग्राइंडर लावला आणि ते भाकरी खाऊन परतेपर्यंत नवा तुकडा बसवून क्लिपाही आवळल्या. अण्णा आले, त्यांनी पीव्हीसीवर नाणे आपटले, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "ह्यो तर जल्मापासनं मुका." मग कापलेला बिडाचा तुकडा काखेत मारून ते घरी निघून गेले. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवून, चांगला पाईप एका शिकलेल्या माणसाने कसा मारला, हे ते सांगत असतात. प्लंबरने बिलात "थांबण्याची मजुरी" म्हणून तीनशे रुपये जास्त लावले. थांबवले अण्णांनी आणि पैसे दिले मी.

भिंत आता वाळत आली आहे. कालच अण्णा कट्ट्यावर बसून कोणाच्या तरी गॅलरीच्या नळीवर नाणे वाजवत होते. नाणे माझेच होते. मी ते ओळखले, कारण त्याच्या कडेला बिडाचा तांबूस गंज अजून लागलेला आहे. आणि मागायला गेलो तर दहा रुपयांसाठी आलो असे दिसेल, म्हणून मी आत आलो.